पेटंट मिळालं म्हणजे यंत्र नवं ठरलं का?

जयंती नाल्यापासून इचलकरंजीच्या प्रोसेस हाऊसपर्यंत, कोल्हापूरकडे सांडपाण्याच्या यंत्रांना गिऱ्हाईक कमी नाही. माहितीपत्रकावर ‘पेटंटेड’ ठळक छापलेलं असतं. वाद पेटतो तो शेजारचा कारखानदार ‘हे तर आम्ही आधीपासून करतोय’ म्हणतो तेव्हा.

भांडण शंभराहून अधिक वर्षांचं आहे. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या डोनाल्ड कॅमेरॉन यांनी १८९५ च्या सुमारास सेप्टिक टँक आणली. पण फ्रान्समध्ये मुरा नावाच्या संशोधकाच्या बंद टाकीला १८८१ मध्येच पेटंट मिळालं होतं. तरी कॅमेरॉन यांच्या हक्कांवर उभी राहिलेली कंपनी अमेरिकेत शहरांना कोर्टात खेचत राहिली. १९१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयात ती नॉक्सव्हिल शहराविरुद्ध हरली, तेही ब्रिटिश पेटंट संपल्याने अमेरिकनही संपलं, या कारणावर. टाकी नवी होती का, हा प्रश्न बाजूलाच राहिला!

पुढे मँचेस्टरच्या आर्डर्न आणि लॉकेट यांनी १९१४ मध्ये अ‍ॅक्टिव्हेटेड स्लजची, म्हणजे हवा देत आणि जंतूंनी भरलेला गाळ पुन्हा वापरत सांडपाणी साफ करायची पद्धत मांडली. तिच्या पेटंटांवरून अमेरिकेतलं मिलवॉकी शहर १९३४ मध्ये अपिलात हरलं, पण शहराचा सांडपाणी प्रकल्प बंद करण्याचा हुकूम मात्र टिकला नाही. बंद केला असता तर मैला थेट मिशिगन सरोवरात गेला असता.

आपल्याकडचा महत्त्वाचा निकाल सांडपाण्याचा नाही, भांड्यांचा आहे. लेथवर भांडी धरायच्या साधनाचं १९५० च्या दशकातलं पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्दच ठरवलं. ही कारखान्यातली साधी सुधारणा आहे, शोध नव्हे, असं न्यायालय म्हणालं. कोल्हापूरच्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतल्या कुठल्याही फिटरला हे पटेल. पेटंट दिलं म्हणजे सरकारने त्याची हमी घेतली असं नाही, हे तर १९७० च्या कायद्यातच आहे.

त्याच कायद्याचं कलम ३(फ) इथे खरं कामाला येतं. जाळी, ब्लोअर (हवा सोडणारं यंत्र) आणि गाळ बसवायची टाकी एका कंटेनरमध्ये कोंबली, पण प्रत्येक भाग आपलं जुनंच काम वेगवेगळं करत राहिला, तर तो शोध नाही. त्याच मांडणीमुळे पंपाशिवाय गाळ मागे फिरू लागला आणि तसं आधी कुणी केलं नसलं, तर दाव्यात दम आहे.

हरकत पेटंट मिळण्याआधी कुणीही घेऊ शकतो. मिळाल्याचं प्रसिद्ध झाल्यावर हितसंबंध असलेल्याला एक वर्ष मिळतं. हरकत जाते अर्ज ज्या पेटंट कार्यालयात आहे तिथे, अर्जदार महाराष्ट्रातला असेल तर मुंबईला, आणि तिथे तोंडी ‘आधीपासून’ चालत नाही. अर्जाच्या तारखेआधीचं ड्रॉइंग, टेंडर किंवा बिल काढून दाखवावं लागतं.