भिंतीवरच्या सॉकेटपासून राउटरच्या पोर्टपर्यंत: कॉर्डलेस फोनची पार्श्वभूमी

ब्रॉडबँडसोबत लँडलाइन नंबर मिळतो, आणि सवयीनं कॉर्डलेस फोनचा बेस भिंतीवरच्या जुन्या सॉकेटला जोडला जातो. डायल टोन येत नाही. फोन बिघडला असं समजून नवा आणला जातो, तर तोही मुका. खरं तर फोनमध्ये काहीच बिघडलेलं नसतं. डायल टोन आता वेगळ्या ठिकाणी तयार होतो, एवढाच फरक झालेला असतो. हा बदल कसा होत गेला ते समजलं, की जोडणीतल्या निम्म्या अडचणी तिथेच सुटतात.

जुन्या व्यवस्थेत एक्स्चेंजमधून तांब्याच्या दोन तारांवर साधारण ४८ व्होल्ट डीसी यायचं. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण व्हायचं, प्रवाह वाहू लागायचा आणि त्यावरूनच एक्स्चेंजला कळायचं की कुणाला तरी फोन लावायचाय. कॉल आला की त्याच तारांवर ७५ ते ९० व्होल्टचा एसी सोडला जायचा, त्यानं घंटी वाजायची. फोनला लागणारी सगळी वीज एक्स्चेंजच्या बॅटऱ्यांमधून यायची, म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चालू राहायचा.

त्या तारेला बाहेरचं यंत्र जोडायची मुभा मात्र सहज मिळाली नाही. अमेरिकेत थॉमस कार्टर यांनी टू-वे रेडिओ टेलिफोनशी जोडणारा ‘कार्टरफोन’ बनवला. त्यात टेलिफोनच्या तारेला हातही लावावा लागत नसे. रिसीव्हर यंत्राच्या खाचेत ठेवायचा, आणि आवाज हवेतूनच एकीकडून दुसरीकडे जायचा. तरीही टेलिफोन कंपनीनं विरोध केला. शेवटी १९६८ मध्ये तिथल्या एफसीसी या नियामक संस्थेनं कार्टर यांच्या बाजूनं निकाल दिला, आणि ग्राहकानं स्वतः विकत घेतलेलं उपकरण लाइनला जोडण्याचा रस्ता मोकळा झाला. माझ्या मते कॉर्डलेस फोनच्या इतिहासात या निकालाचं मोल कुठल्याही पेटंटपेक्षा जास्त आहे. पेटंटही फार लांब नव्हतं. जॉर्ज स्वाइगर्ट यांना बिनतारी टेलिफोनचं पेटंट लगेच पुढच्या वर्षी, १९६९ मध्ये मिळालं.

१९८०च्या दशकात घराघरांत आलेले ॲनालॉग कॉर्डलेस साध्या रेडिओसारखे होते. अमेरिकेत ते ४६ आणि ४९ मेगाहर्ट्झच्या आसपास चालायचे. संभाषण उघड्यावरच असायचं, रेडिओ स्कॅनर असलेल्या कुणालाही ते ऐकता यायचं. शेजारच्या हँडसेटनं आपल्या बेसची लाइन पकडून कॉल लावण्याचे प्रकारही व्हायचे, म्हणून पुढे बेस आणि हँडसेटमध्ये सुरक्षा-कोड आले.

ही दुखणी मुळापासून काढली ती डेक्ट या डिजिटल मानकानं. युरोपातल्या एत्सी या मानक संस्थेनं ते १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला आणलं. युरोपात त्यासाठी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ हा वेगळा पट्टा राखला आहे. त्यात १० वाहक लहरी, आणि प्रत्येक लहरीवर १० मिलिसेकंदांच्या चौकटीत वेळेचे २४ कप्पे: १२ जाण्यासाठी, १२ येण्यासाठी. मोकळी जागा फोन स्वतःच शोधतो. हँडसेट बेसवर नोंदवल्याशिवाय चालत नाही, आणि संभाषण सांकेतिक करण्याची सोयही आहे. पुढे ‘गॅप’ हा सामाईक नियम आला, त्यामुळे एका कंपनीचा हँडसेट दुसऱ्या कंपनीच्या बेसवर निदान बोलण्यापुरता तरी चालू लागला. २.४ गिगाहर्ट्झवरचे कॉर्डलेस वाय-फायच्या वाटेत येतात, डेक्ट येत नाही. ब्रॉडबँडच्या घरात डेक्टच घ्यावा, तो याच कारणासाठी.

एडीएसएल, म्हणजे टेलिफोनच्याच तांब्याच्या तारेवरचं ब्रॉडबँड, आलं तेव्हा फोनची जागा बदलली नव्हती. आवाज ४ किलोहर्ट्झच्या खाली आणि डेटा साधारण २५ किलोहर्ट्झच्या वर, असे दोघं एकाच तारेवर नांदत. मध्ये स्प्लिटर, म्हणजे दोन्ही वेगळे करणारी छोटी डबी, लावला की काम व्हायचं. तो विसरला तर फोनवर खरखर यायची आणि घंटी वाजली की नेट तुटायचं.

फायबरनं हे सगळं मोडीत काढलं. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, त्यामुळे घंटी वाजवणारा विजेचा दाबही (व्होल्टेज) नाही आणि डायल टोनही नाही. मग एक्स्चेंजचं काम राउटरवर किंवा फायबरच्या मोडेमवर आलं. ‘फोन’ लिहिलेला पोर्ट स्वतः दाब देतो, रिसीव्हर उचलल्याचं ओळखतो, टोन ऐकवतो, घंटी वाजवतो, आणि आवाजाचे डेटा-पॅकेट करून पाठवतो. कॉल लावण्या-तोडण्याची भाषा बहुधा एसआयपी असते, तिचं पहिलं मानक १९९९चं. बेसला मात्र आपण जुन्या एक्स्चेंजलाच जोडलेलो आहोत असंच वाटतं.

म्हणून बेसची तार थेट या पोर्टात घालायची. हा पोर्ट एक्स्चेंजइतका दमदार नसतो. घंटीचे चार-पाच जुने फोन त्यावर टाकले तर एकही धड वाजणार नाही. कॉर्डलेस इथे उपयोगी पडतो: पोर्टावर भार एकाच बेसचा, बाकीचे हँडसेट त्यावर नोंदवून नुसत्या चार्जरवर कुठल्याही खोलीत ठेवता येतात. राउटरचा पोर्ट घरातल्या जुन्या वायरिंगला जोडायचाच असेल, तर बाहेरून येणारी तांब्याची तार आधी सोडवलीच पाहिजे. तिच्यात एक्स्चेंजचा दाब शिल्लक असेल तर पोर्ट जळू शकतो. फोन टोन डायलिंगवर (प्रत्येक आकड्याला वेगळा सूर) ठेवावा, कारण जुने पल्स डायलिंग (आकड्याइतके विजेचे ठोके) अनेक पोर्टांना कळत नाही. कॉलरचा नंबर दिसत नसेल तर तो पाठवायची पद्धत देशागणिक वेगळी असते, राउटरच्या सेटिंगमध्ये योग्य ती निवडावी लागते.

काही राउटरांमध्ये डेक्टचा बेस आतच असतो. राउटरवरचं नोंदणीचं बटण दाबायचं, हँडसेटवर नोंदणी सुरू करायची, पिन विचारला तर तो बहुधा ०००० असतो. दोन्हीकडची उपकरणं आणि सेवा साथ देणारी असतील तर आवाजही खुलतो: जुन्या लाइनवर ३०० ते ३४०० हर्ट्झच जायचं, वाइडबँडमध्ये, म्हणजे आवाजाच्या रुंद पट्ट्यात, जवळपास ७००० हर्ट्झपर्यंत जातं.

एक गोष्ट मात्र हातची गेली, ती म्हणजे एक्स्चेंजची वीज. कॉर्डलेसच्या बेसला अ‍ॅडॉप्टर आधीपासूनच लागत होता, पण शेजारी तारेचा साधा फोन असला की अडीनडीला तो चालायचा. आता राउटरच बंद पडला तर तोही बंद. ब्रिटनमध्ये जुनं तांब्याचं टेलिफोन जाळं बंद करण्याची मुदत डिसेंबर २०२५ वरून जानेवारी २०२७ वर ढकलली गेली, त्यामागे मदतीच्या अलार्मसाठी लँडलाइनवर विसंबलेल्या वृद्ध आणि आजारी माणसांची काळजी हे मोठं कारण होतं. घरात असं कुणी असेल तर फायबरचा मोडेम, राउटर आणि कॉर्डलेसचा बेस असे तिन्ही बॅटरी बॅकअपवर घ्यावे लागतात. यातलं एक जरी सुटलं तरी फोन लागत नाही.