तेजपूरचे मिग प्रशिक्षण युनिट आणि 'कन्व्हर्जन' या शब्दाचा घोळ

आसाममधील तेजपूरच्या हवाई दलाच्या तळावर 1980 च्या दशकात 'मिग ऑपरेशनल फ्लाइंग ट्रेनिंग युनिट' उभे राहिले. वैमानिकांच्या बोलण्यात त्याचे लघुरूप 'मॉफ्टू' असे रूढ झाले. छातीवर नुकतेच 'विंग्ज' म्हणजे वैमानिकाचे पदकचिन्ह लागलेले आणि लढाऊ शाखेसाठी निवडले गेलेले तरुण अधिकारी येथे येत व मिग-21 वर हात बसवून स्क्वाड्रनमध्ये रुजू होत. त्याआधीचे शिक्षण, म्हणजे जोधपूर व अलाहाबादच्या उड्डाणशाळांचा जुना काळ आणि 1971 पासून दुंडिगल येथे सुरू झालेली अकादमी, हा भाग बहुतेकांना ठाऊक आहे. येथे महत्त्वाचे एवढेच की, किरण किंवा पोलिश बनावटीचे इस्क्रा ही आवाजापेक्षा कमी वेगाची प्रशिक्षण विमाने सोडली की पुढची पायरी थेट आवाजाच्या दुप्पट वेग गाठणाऱ्या विमानाची होती.

मधली पायरी अगदीच नव्हती असे नाही. पश्चिम बंगालमधील कलाईकुंडा येथे हंटर या जुन्या ब्रिटिश लढाऊ विमानांवर प्रशिक्षण होत असे आणि दोन आसनांच्या हंटरमध्ये शिक्षक व विद्यार्थी शेजारी-शेजारी बसत. मात्र हंटर म्हातारे होत गेले, तशी ही वाट अरुंद होत गेली. दुसरीकडे नाशिकजवळ ओझरला बांधलेली, हवाई दलात 'टाइप 77' म्हणून ओळखली जाणारी जुनी मिग-21 एफएल विमाने नव्या आवृत्त्या आल्यामुळे आघाडीच्या कामातून मोकळी होत होती. तीच शिकवण्यासाठी वापरली गेली. हाताशी होते ते वापरले, यात त्या वेळी कोणालाही वावगे वाटले नसावे.

नवख्याला काय अवघड जात असे, हे कॉकपिटमध्येच कळते. किरणवर वेग नॉटमध्ये आणि उंची फुटांत वाचण्याची सवय झालेल्या डोळ्यांना येथे किलोमीटर आणि मीटर वाचावे लागत. चाकांचे ब्रेक पायाखाली नव्हते, ते विमान वळवण्याच्या दांड्यावरील खटक्याने लागत. डोळ्यांवर पट्टी बांधून एकेक स्विच हाताने शोधून दाखविल्याखेरीज विमानाला हात लावू दिला जात नसे. एफएल एकाच आसनाचे असल्याने शिक्षकाबरोबरची उड्डाणे दोन आसनांच्या निराळ्या आवृत्त्यांवर होत. त्यांत शिक्षक मागे बसे आणि नंतरच्या आवृत्त्यांत उतरताना पुढची धावपट्टी दिसावी म्हणून त्याला पेरिस्कोप दिलेला होता. त्रिकोणी पंखांचे हे विमान नाक वर करून, ताशी 300 किलोमीटरहून अधिक वेगाने जमिनीला टेकते. इंजिनाची ताकद थोडी लवकर कमी केली तरी ते झपाट्याने खाली बसते.

खरा घोळ 'कन्व्हर्जन' या शब्दाचा आहे. हवाई दलाच्या भाषेत कन्व्हर्जन म्हणजे एका विमानावर तयार झालेल्या वैमानिकाला दुसऱ्या विमानावर तयार करणे. तेजपूरला येणारे अधिकारी कमिशन मिळालेले असल्याने कागदोपत्री तयार वैमानिकच होते आणि म्हणून हे युनिट बंगळूरच्या ट्रेनिंग कमांडकडे नव्हे, तर शिलाँगच्या पूर्व हवाई कमांडकडे होते. प्रत्यक्षात मात्र लढाऊ विमान म्हणजे काय, हे ते तेथेच पहिल्यांदा शिकत. शाळेचे काम आणि युद्धसज्ज दलाची चौकट अशी ही जोडी होती. शिकाऊ हातांच्या चुकाही त्यामुळे मिग-21 च्याच खात्यावर जमा झाल्या. अपघातांमुळे विमानाला मिळालेल्या दुर्लौकिकाचा काही वाटा तरी या व्यवस्थेचा आहे, हे वृत्तपत्री चर्चेत क्वचितच येते.

उपाय माहीत नव्हता असेही नाही. प्रशिक्षणाचा आढावा घेणाऱ्या समितीने 1982 मध्येच प्रगत जेट प्रशिक्षण विमान घेण्याची शिफारस केली होती. पुढे निवड, किमतीची घासाघीस, सरकारे बदलणे, पुन्हा निवड असे करत 66 हॉक या ब्रिटिश प्रशिक्षण विमानांच्या खरेदीचा करार झाला मार्च 2004 मध्ये. पैशांची ओढाताण खरी होती, हे मान्य केले तरी 22 वर्षांचा विलंब केवळ तिजोरीवर ढकलता येत नाही. शिफारस आणि करार यांच्या दरम्यान विंग्ज मिळालेल्या पिढ्यांनी त्याची भरपाई स्वतःच्या कौशल्याने केली, काहींनी प्राणांनी.

हॉक फेब्रुवारी 2008 मध्ये बीदरला दाखल झाले आणि लढाऊ प्रशिक्षणाचा तिसरा टप्पा ट्रेनिंग कमांडच्या छत्राखाली आला. नव्या विमानापेक्षा हा बदल मला अधिक मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे शिकणाऱ्याला प्रथमच शिकणारा म्हणून मोजले गेले. तेजपूरला 2009 मध्ये सुखोई-30 आले, त्याआधीच मिगचे प्रशिक्षण तेथून हलले होते. त्याच वर्षी जुलैमध्ये झालेल्या अपघातानंतर प्राथमिक टप्प्याचे एचपीटी-32 जमिनीवर आणले गेले आणि 2013 मध्ये स्विस पिलाटस येईपर्यंत चर्चेचा सगळा झोत शिडीच्या पहिल्या पायरीकडे वळला.

टाइप 77 ला डिसेंबर 2013 मध्ये कलाईकुंडा येथे निरोप देण्यात आला. शत्रूची विमाने अडविण्यासाठी घेतलेली ही विमाने तोवर शिकवण्याच्याच कामावर होती आणि ती उडविणाऱ्या अखेरच्या युनिटाचे नाव होते 'ऑपरेशनल कन्व्हर्जन युनिट'.