ब्रिटनमध्ये भाड्याच्या फ्लॅटमधला प्रीपेड वीजमीटर आपल्या नावावर कसा करावा

इंग्लंड, वेल्स किंवा स्कॉटलंडमध्ये नव्याने आलेल्या आपल्या विद्यार्थ्यांच्या हातात एजंट वीजमीटरची एक प्लास्टिकची किल्ली (हिच्यावर पैसे भरून ती मीटरमध्ये घालायची असते) ठेवतो, 'दुकानात जाऊन भरा' एवढे सांगतो आणि निघून जातो. ती किल्ली तशीच दुकानात नेऊ नये. तिच्यावर बहुधा आधीच्या भाडेकरूचे खाते असते आणि त्याची थकबाकी असल्यास ती आठवड्याच्या हप्त्याने तुमच्या पैशांतून वळती होते. दहा पौंड भरूनही मीटरवर सहाच दिसतात ते यामुळे.

म्हणून पहिल्याच दिवशी मीटरवरील बटण दाबत सगळे आकडे पाहावेत. रीडिंग, शिल्लक, थकबाकी आणि साप्ताहिक वजावट एकामागून एक दिसतात. प्रत्येकाचा तारखेसह फोटो काढावा. आठवड्याने काढलेल्या फोटोवरून कंपनीशी वाद घालणे फार कठीण जाते.

पुरवठादार कोण हे पोस्टकोडवरून स्थानिक वीजजाळे चालवणाऱ्या कंपनीकडून कळते. पुरवठादाराला फोन करून स्वतःच्या नावाने खाते उघडावे, थकबाकी मीटरवरून काढायला सांगावे आणि नवी किल्ली मागावी. मीटरमध्ये शिल्लक नसेल तर तसे आधीच सांगावे, म्हणजे किल्ली टपालाने येण्याची वाट न पाहता जवळच्या दुकानातून घेता येईल का, हे तेव्हाच ठरते.

कागदपत्रांत खरी अडचण भाडेकराराची होते. तिघांच्या नावाच्या फ्लॅटमध्ये चौथा मित्र राहतो, फोन नेमका तोच करतो आणि पुरावा मागितला की गप्प होतो. खाते करारात नाव असलेल्यानेच उघडावे. करार एकाही भाडेकरूच्या नावाने नसेल, तर घरमालकाकडून तारखेसह लेखी पत्र घ्यावे. दुसरी गफलत तारखेची. जबाबदारी सहसा करार सुरू झाल्यापासून मोजली जाते, विमान उतरल्यापासून नव्हे. करार १ सप्टेंबरचा आणि आगमन २० तारखेचे असेल, तर दिवसाला साधारण अर्धा पौंड किंवा अधिक असा स्टँडिंग चार्ज वीज न वापरताही साचतो आणि पहिल्या भरण्यातून वजा होतो. ती आधीच्या भाडेकरूची थकबाकी नसते. त्यासाठी तासभर फोनवर ताटकळण्यात अर्थ नाही. ताटकळायला इतर कारणे पुरेशी आहेत.

पैसे पोस्टात किंवा टॉप-अपची पाटी असलेल्या दुकानात भरता येतात. स्मार्ट मीटर असल्यास मोबाइलवरूनही. बहुतेक कंपन्या रात्री, शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी शिल्लक संपली तरी वीज तोडत नाहीत, मात्र त्या वेळचा वापर आणि शिल्लक संपल्यावर मीटरवर घेतलेली आपत्कालीन उसनवारी (इमर्जन्सी क्रेडिट) पुढच्या भरण्यातून कापली जाते. त्यामुळे सोमवारी पाच पौंड भरून भागेल, असे धरून चालू नये.

मीटर घरमालकाच्या स्वतःच्या खात्यावर असेल तर वरील प्रक्रिया लागू होत नाही. पण ऑफजेम या वीज-गॅस नियामक संस्थेच्या नियमानुसार घरमालक स्वतः भरतो त्यापेक्षा जास्त दराने वीज विकू शकत नाही, आणि हिशेब मागण्याचा हक्क तुम्हाला आहे.

प्रीपेड मीटरला दरमहा बिल येत नसल्याने बँक खात्यासाठी पत्त्याचा पुरावा म्हणून त्यावर विसंबू नये. विद्यापीठाचे पत्र आधीच मागून ठेवावे. घर सोडताना शेवटच्या रीडिंगचा फोटो काढून कंपनीला कळवावे आणि उरलेली रक्कम परत मागावी. किल्ली पुढच्या भाडेकरूसाठी ओट्यावर ठेवून जाऊ नये.