प्लास्टरबोर्डची बसवणी आणि सांधेभरणी

प्लास्टरबोर्ड (जिप्सम बोर्ड) म्हणजे जिप्समचा गाभा दोन जाड कागदांच्या मध्ये धरून तयार केलेला सपाट तक्ता. इमारतीच्या आतल्या भिंती, पडभिंती आणि छते यांच्यासाठी तो वापरतात. बोर्ड सांगाड्यावर चढवण्याचे काम त्या मानाने सोपे असते. खरे कसब लागते ते दोन बोर्डांमधला सांधा रंग दिल्यावर दिसणार नाही आणि पुढे तडकणार नाही, असा भरण्यात. या कामाच्या जुन्या आणि नव्या पद्धतींतला महत्त्वाचा फरकही सांध्यापाशीच आढळतो.

बोर्ड येण्यापूर्वी लाकडी सांगाड्याच्या घरांत अरुंद लाकडी पट्ट्या थोडथोडी फट सोडून ठोकत आणि त्यांवर जनावरांचे केस मिसळलेल्या चुन्याच्या गिलाव्याचे सहसा तीन थर देत. पहिल्या थराचा गिलावा फटींतून मागे उतरून पट्ट्यांच्या पाठीशी वळत असे आणि घट्ट झाल्यावर त्याच पकडीवर सगळा थर तोलला जाई. पृष्ठभाग सलग असल्यामुळे सांधे भरण्याचा प्रश्न नव्हता. मात्र प्रत्येक थर वाळेपर्यंत थांबावे लागे आणि चुन्याच्या कामात त्यात आठवडेच्या आठवडे जात. अमेरिकेत ऑगस्टीन सॅकेट यांना 1894 मध्ये कागद आणि प्लास्टर यांचे थर एकावर एक बसवलेल्या तक्त्याचे पेटंट मिळाले. असे तक्ते सुरुवातीला लाकडी पट्ट्यांऐवजी गिलाव्याखालचा आधार म्हणून वापरले गेले. बोर्ड हाच भिंतीचा अखेरचा पृष्ठभाग, ही कल्पना त्यानंतर रुजली, आणि ती रुजताच सांध्याचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला.

त्यावरचे सर्वांत सोपे उत्तर म्हणजे सांध्यावर लाकडी पट्टी मारून तो झाकणे. दुसरे, ब्रिटनमध्ये स्थिरावलेले उत्तर असे : सरळ कडांचे बोर्ड शेजारी शेजारी ठोकायचे, सांध्यावर तागाच्या विरळ विणीच्या कापडाची पट्टी ओल्या प्लास्टरमध्ये दाबून बसवायची आणि मग संपूर्ण पृष्ठभागावर दोन-तीन मिलिमीटर जाडीचा प्लास्टरचा थर थापीने ओढायचा. आज ‘पारंपरिक’ म्हणतात ती बहुधा हीच पद्धत. पट्ट्यांवर गिलावा करणाऱ्या जुन्या गवंड्याला ती नवलाईचीच वाटली असती. शिवाय ती मागे पडलेली नाही : तागाची जागा चिकट पाठीच्या काचतंतू जाळीने घेतली, तरी ब्रिटनमध्ये पूर्ण थर देण्याची रीत अजून सर्रास चालते. एकसारखा कडक पृष्ठभाग मिळणे हा तिचा गुण. पण त्यासाठी गिलाव्यात मुरलेला हात हवा, आणि तो थर पुरता वाळल्याशिवाय रंग देता येत नाही.

अमेरिकेत प्रचलित झालेल्या पद्धतीत फक्त सांधे आणि स्क्रूंची डोकी भरतात. ती शक्य झाली बोर्डाच्या उतरत्या कडांमुळे. लांब बाजूंच्या कडा किंचित पातळ केलेल्या असल्याने दोन बोर्ड भिडवले की मध्ये उथळ पन्हळ तयार होते. या पन्हळीत जॉइंटिंग कंपाउंड (सांधे भरण्याचा लेप) भरून त्यात मधोमध घडीची खूण असलेली कागदी टेप बसवतात, पात्याने दाबून जास्तीचे कंपाउंड व खालची हवा काढून टाकतात आणि त्यावर आणखी दोन हात देतात. प्रत्येक हात आधीच्यापेक्षा रुंद असतो. शेवटी पॉलिश कागदाने घासून कडा विरवतात. बोर्डाच्या आखूड बाजूंना उतार नसल्यामुळे तिथल्या सांध्यावर उंचवटा येतोच. तो नाहीसा करता येत नाही, फक्त रुंद पसरवून नजरेआड करता येतो. म्हणून असे सांधे कमीत कमी ठेवतात आणि शेजारच्या ओळींत एका रेषेत येऊ देत नाहीत. खिडकीतून भिंतीला समांतर येणारा तिरपा प्रकाश मात्र लहानशी चूकही उघडी पाडतो. अमेरिकी प्रघातात सफाईच्या 0 ते 5 अशा पातळ्या ठरवल्या आहेत. पाचव्या पातळीत संपूर्ण पृष्ठभागावर कंपाउंडचा पातळ हात द्यावा लागतो, म्हणजे काम फिरून ब्रिटिश रीतीच्या जवळ येते.

टेप आणि कंपाउंड यांची जोडी जमणे महत्त्वाचे. जाळीची टेप लावायला सोपी असली, तरी ती थोडी ताणली जाते. त्यामुळे तिच्यासोबत पहिला हात रासायनिक क्रियेने घट्ट होणाऱ्या कंपाउंडचा देणे योग्य. पाणी उडून वाळणारे तयार कंपाउंड घासायला मऊ असते, पण ते आकसते आणि प्रत्येक हातानंतर वाट पाहायला लावते. कोपऱ्यात घडी घालून बसणारी कागदी टेप तडे रोखण्यात सरस ठरते. मोठ्या कामांवर टेप आणि कंपाउंड एकाच वेळी सोडणारी नळीसारखी हत्यारे वापरतात. त्यांतल्या एकाला कारागीर ‘बझूका’ म्हणतात.

बसवणीतला मोठा बदल खिळ्यांकडून स्क्रूंकडे झाला. ओलसर लाकूड वाळून आकसले की खिळ्याचे टोक आत घट्ट राहते, पण लाकडाचा दर्शनी पृष्ठभाग बोर्डापासून मागे सरकतो. मग बोर्डावर दाब पडताच तो मागे जातो आणि खिळ्याचे डोके वर भरलेले कंपाउंड फोडून बाहेर डोकावते. स्क्रूने हा दोष पुष्कळ कमी होतो, आणि न आकसणाऱ्या जस्तलेपित पोलादी सांगाड्यावर तो जवळजवळ उरत नाही. स्क्रूचे डोके कागदाच्या किंचित खाली जावे, पण कागद फाटू नये. कागद फाटला, की ठिसूळ गाभ्याची पकड फारशी राहत नाही. पक्क्या भिंतीवर बोर्ड चिकटवायचे असतील तर चिकट प्लास्टरचे गोळे ठेवून त्यांवर ते दाबतात. तेव्हा चहूबाजूंच्या कडांना सलग पट्टा दिला नाही, तर मागच्या पोकळीत हवा खेळते आणि खोलीतली ऊब निसटते.

सांध्याचा संबंध केवळ दिसण्याशी नाही. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे 21 टक्के पाणी रासायनिक बंधनात असते आणि आगीत त्याची वाफ होताना बरीच उष्णता खर्ची पडते. पण सांधा रिकामा असेल तर आगीला तिथूनच वाट मिळते. यासाठी अग्निरोधक भिंतीत दोन थर देताना एका थराचे सांधे दुसऱ्या थराच्या सांध्यांवर येऊ देत नाहीत.

विसाव्या शतकाच्या मध्यावरील अनेक जॉइंटिंग कंपाउंडांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे धूळ श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज, असे. अमेरिकेत ग्राहकांना विकल्या जाणाऱ्या अशा लेपांवर 1977 मध्ये बंदी आली. त्यामुळे त्या काळातले सांधे कोरडे घासण्यापूर्वी नमुना तपासून घ्यावा लागतो. आजच्या कंपाउंडची धूळही निरुपद्रवी नसते, म्हणून ओल्या स्पंजने घासणे किंवा धूळ ओढणारे यंत्र जोडलेली घासणी वापरणे इष्ट मानतात.