सगळ्यात भारी संगीत कुठल्या देशाचं? आधी सांगा, कान कुणाचा

जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले या ब्रिटिश बँडचे शो झाले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो वाद पेटला तो अजून अधूनमधून धुमसतोच. शोला जाऊन आलेल्या मुलांचं म्हणणं की असं म्युझिक आपल्याकडे बनतच नाही, आणि आमच्याच विंगमधले एक काका, ज्यांच्याकडे सकाळी रेडिओवर गाणं लागल्याशिवाय चहा होत नाही, ते म्हणाले संगीत म्हणावं असं जगात आपलंच, बाकी सगळा गोंगाट. मग कुणीतरी 'सर्वोत्तम संगीत देणारे दहा देश' अशी यादी फॉरवर्ड केली आणि रात्री उशिरापर्यंत ग्रुप वाजत राहिला.

याद्यांचं पटकन सांगून टाकते, कारण त्यात फार दम नाही. जगातली सगळ्यात मोठी संगीताची बाजारपेठ अमेरिका, दुसरी जपान. आता आपल्या ग्रुपवर किती जणांना एक तरी जपानी गाणं पाठ आहे? म्हणजे पैसा किती फिरतो, गाणी कुठल्या भाषेत आहेत, विकणारी यंत्रणा केवढी आहे, हे सगळं त्या यादीत मिसळलेलं असतं. उलट जमैका बघा. ठाणे आणि नवी मुंबई या दोन महापालिकांची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या एकत्र केली तर जेवढी होते साधारण तेवढी त्या अख्ख्या देशाची, आणि तिथून रेगे निघालं, जगभर पसरलं, २०१८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं. स्वीडनमध्ये नगरपालिकांच्या संगीतशाळा आहेत, पोरांना तिथे वाद्य शिकता येतं, आणि अमेरिकन पॉपमधली कितीतरी हिट गाणी मॅक्स मार्टिन नावाच्या स्वीडिश माणसाने लिहिली किंवा बनवलीत. मग ते गाणं कुठल्या देशाचं धरायचं?

पण वादातला एक प्रश्न मला मनापासून आवडला: गोंगाट असतो कुठे, आवाजात की ऐकणाऱ्याच्या कानात? कारण याचं उत्तर बऱ्यापैकी मोजता येतं आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही, दोन मोबाइल पुरतात.

दोन्ही फोनवर टोन जनरेटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप टाका. एकावर ४४० हर्ट्झ (सेकंदाला ४४० कंपनं) लावा, दुसऱ्यावर ४४४, आणि फोन शेजारी शेजारी ठेवा. दोन सूर ऐकू येणारच नाहीत, एकच येईल आणि तो सेकंदाला बरोब्बर चार वेळा मोठा-लहान, मोठा-लहान होईल. दोन्ही लाटा कधी एकमेकींच्या जोडीने चालतात आणि आवाज वाढतो, कधी उलट चालतात आणि एकमेकींना मारतात, आणि हे किती वेळा होतं ते फ्रिक्वेन्सीतल्या फरकाएवढं, ४४४ वजा ४४० म्हणजे चार. यांना बीट्स म्हणतात. आता दुसरा फोन हळूहळू वर न्या. ४६५ च्या आसपास ती थरथर इतकी जलद होते की मोजता येत नाही, फक्त खरखर जाणवते, कानाला बोचते. आणखी वर, ५६० च्या आसपास गेलात की खरखर गेली, दोन सूर वेगवेगळे, स्वच्छ.

असं का होतं? आतल्या कानात शंखासारखी गुंडाळलेली नळी आहे, तिच्यात साधारण ३५ मिलिमीटर लांबीचा पडदा आहे, आणि प्रत्येक फ्रिक्वेन्सीला त्या पडद्याचा एक ठरावीक भाग सगळ्यात जास्त हलतो, जाड सूर एका टोकाला, बारीक सूर दुसऱ्या. पडद्यावरून लाट कशी धावते हे दाखवल्याबद्दल बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. दोन सूर पुरेसे लांब असले की पडद्याच्या दोन वेगळ्या जागा हलतात, भांडण नाही. फारच जवळ असले की एकच जागा दोघंही ओढायला बघतात आणि तीच ती खरखर. डच संशोधक प्लॉम्प आणि लेव्हेल्ट यांनी १९६५ मध्ये लोकांना साध्या सुरांच्या जोड्या ऐकवून याचा ग्राफच काढला: फरक शून्य असताना छान, किंचित वाढला की झपकन कडू, आणि मग हळूहळू पुन्हा गोड.

आता खरी मजा. गळ्यातून किंवा तारेतून येणारा सूर कधीच एकटा नसतो. २४० हर्ट्झचा सा लावला तर त्यात ४८०, ७२०, ९६०, १२००, १४४० असे पटीतले सूर दडलेले असतातच. पंचम म्हणजे ३६०, त्याच्या पटी ७२०, १०८०, १४४०. बघा, ७२० ला दोघं भेटले, १४४० ला पुन्हा भेटले. म्हणून सा-प गोड. कोमल रिषभ घ्या, २५६. त्याच्या पटी ५१२, ७६८, १०२४. त्या सा च्या पटींच्या शेजारी ठेवा: २४० ला २५६, ४८० ला ५१२, ७२० ला ७६८. जवळपास प्रत्येक ठिकाणी शेजारी बसून घासतायत. सा आणि कोमल रे एकदम वाजवले की अंगावर येतात ते यामुळे, त्यात गूढ काही नाही.

हे मला पुस्तकातून नाही, तानपुऱ्यावरून कळलं. मी वाशीला ज्या ताईंकडे शिकते त्या जोडीच्या दोन तारा जुळवताना आधी खुंटी पिळतात, आणि जवळ आलं की हात खाली नेऊन मणी अगदी किंचित सरकवतात. तेव्हा दोन तारांमधली लाट स्पष्ट ऐकू येते, आधी भराभर, मग संथ, मग इतकी संथ की श्वास घ्यायला वेळ मिळतो, आणि मग ती नाहीशीच होते आणि दोन तारांची एक तार होते. म्हणजे बीट्स शून्यावर आणणं. मग जवारीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर, दोरा बसला की खरजाच्या, म्हणजे खालच्या सा च्या, तारेतून गंधार आपोआप बोलायला लागतो, ज्याला आपल्याकडे स्वयंभू गंधार म्हणतात. तो आकाशातून येत नाही, तो खरजाच्या मूळ फ्रिक्वेन्सीची पाचवी पट आहे.

इथेच पेटीची अडचण कळते. आजच्या बहुतेक पेट्यांमध्ये सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात, प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९ पट. त्याने पंचम ३५९.६ येतो, म्हणजे जवळजवळ बरोबर, पण शुद्ध गंधार ३०० च्या जागी ३०२.४ येतो. त्याची चौथी पट १२०९ च्या वर, आणि तानपुऱ्यातली सा ची पाचवी पट १२००. सेकंदाला नऊ-साडेनऊ बीट्स! तानपुऱ्याशेजारी पेटीचा गंधार किंचित कावल्यासारखा वाटतो तो हा. आकाशवाणीने १९४० पासून जवळपास तीन दशकं पेटी बंद ठेवली होती, मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही हा एक आक्षेप आणि हे बसवलेले सूर हा दुसरा. आणि पाश्चात्त्य संगीताने मात्र हेच बारा सारखे भाग जाणूनबुजून स्वीकारले, कारण त्यांना एकाच पियानोवर कुठल्याही पट्टीतून वाजवायचं होतं, कॉर्ड (एकदम वाजवलेले अनेक सूर) बदलत फिरायचं होतं. त्यांनी गंधाराची गोडी थोडी सोडली आणि फिरायची मोकळीक घेतली, आपण फिरायचं सोडून एका सा वर बसलो आणि गंधार सांभाळला. यात कुणी मागासलेलं नाही, गरज वेगळी होती.

याच संदर्भात एक सांगायलाच हवं. '४३२ हर्ट्झ ही विश्वाची फ्रिक्वेन्सी, ४४० ने मन बिघडतं' आणि '५२८ ने डीएनए दुरुस्त होतो' असले व्हिडिओ हल्ली ग्रुपवर रोज येतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती कंपनं, आणि दिवसाचे ८६,४०० भाग करून सेकंद माणसाने ठरवला. विश्वाला आपला सेकंद माहीत असायचं कारण नाही. फ्रान्स सरकारने १८५९ मध्ये वाद्यं जुळवायचा सूर ४३५ ठरवला होता, पुढे विसाव्या शतकात ४४० आंतरराष्ट्रीय झाला, वाद्यं एकत्र वाजावीत एवढाच हेतू. आणि आपल्याकडे तर सा गायकाच्या गळ्यावर ठरतो, कुणाची काळी एक, कुणाची पांढरी चार, कुणाची काळी पाच. शेकडो वर्षं असंच गाऊन कुणाचं मन बिघडलेलं नाही. असल्या व्हिडिओंपायी कुणी औषधं बंद करू नका, प्लीज.

आता परत मुद्द्यावर. आत्तापर्यंतचं वाचून काका म्हणतील, बघा, गोडी गणितात आहे, म्हणजे आमचंच बरोबर. थांबा. हे सगळं पटीतल्या सुरांचं गणित तारेला आणि गळ्याला लागू आहे. धातूच्या पट्टीला नाही. दोन्ही टोकं मोकळी असलेली धातूची पट्टी वाजवली तर तिच्यातले सूर १, २.७६, ५.४० अशा पटीत येतात, पूर्णांकात नाहीत. मग अशा वाद्यांवर ज्यांचं संगीत उभं राहिलं त्यांनी काय करायचं? जावा आणि बालीचं गमेलान असंच, कांशाच्या पट्ट्या आणि गोंग. त्यांची सप्तकं आपल्या पेटीवर बसतच नाहीत, आणि संशोधक सेथेरेस यांचं म्हणणं असं की ती त्यांच्या वाद्यांच्या अंगच्या सुरांना धरून आहेत. म्हणजे आधी वाद्य, मग त्याला मानवणारं सप्तक.

बालीवाले तर त्याच्याही पुढे गेले. तिथे एकसारखी दोन-दोन वाद्यं जोडीने बनवतात आणि त्यातलं एक मुद्दाम किंचित चढं लावतात, सेकंदाला साधारण पाच ते आठ बीट्स येतील इतकं. आमच्या ताई जी लाट घालवण्यासाठी धडपडतात तीच लाट तिथले कारागीर मोजून मापून घालतात, कारण तिच्याशिवाय त्यांना वाद्य निर्जीव वाटतं! लिथुआनियात बायका जुनी गाणी गातात, सुतार्तिनेस म्हणतात त्याला, त्यात दोन आवाज शेजारशेजारच्या सुरांवर एकमेकांना घासत चालतात आणि त्यांना तेच सुंदर वाटतं. कानातला पडदा सगळ्यांचा सारखा, खरखर सगळ्यांना ऐकू येते, तिचं काय करायचं हे मात्र प्रत्येक ठिकाणी वेगळं ठरलं.

आणि आपल्याकडेही कारागिरी कमी नाही. साध्या ताणलेल्या कातड्याचे सूर १, १.५९, २.१४, २.३० असे विस्कटलेले येतात, म्हणून ढोलाला नेमका सूर सापडत नाही. तबल्यावर शाईचे, म्हणजे मधल्या काळ्या लेपाचे, थर घोटत घोटत चढवले की हेच सूर सरकून जवळजवळ पूर्णांक पटीत येतात आणि चामड्यातून चक्क सा निघतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये हे मांडलं. अभिमान बाळगायचा तर याचा बाळगा, मला स्वतःला तो खूप आहे.

मग सुसंवादी सूर आवडणं जन्मजात की शिकलेलं? बोलिव्हियात अ‍ॅमेझॉनच्या जंगलात चिमाने लोक राहतात, त्यांच्या गाण्यात एकावेळी एकच सूर, वेगवेगळे सूर एकत्र जुळवून गाणं नाही. संशोधक मॅकडर्मट आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये त्यांना गोड आणि कडू दोन्ही प्रकारचे कॉर्ड ऐकवले. त्यांनी दोन्ही सारखेच आवडल्याचं सांगितलं. खरखर मात्र त्यांनाही नावडली. बोलिव्हियातल्याच शहरी लोकांना गोड कॉर्ड थोडे जास्त आवडले, अमेरिकन लोकांना बरेच जास्त, आणि अमेरिकेतल्या वादकांना सगळ्यात जास्त. म्हणजे जितकं ऐकलंय तितकी आवड. काकांचा आणि त्या मुलांचा वाद या एका निकालात बसतो.

मेंदूत काय होतं तेही थोडं माहीत आहे. माँट्रियलमध्ये २०११ साली लोकांना त्यांच्या आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवून स्कॅन केले, तर डोपामिन, म्हणजे मेंदूतलं आनंदाशी जोडलेलं रसायन, त्या क्षणी तर निघतंच पण त्याच्या आधी, वाट बघतानाही निघतं, मेंदूच्या वेगळ्या भागात. आता तिहाई आठवा, एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर येणं. तबलजी पहिला तुकडा वाजवतो, दुसरा वाजवतो, आणि तिसरा संपून सम येणार हे आपल्याला आधीच कळलेलं असतं, हात आपोआप उचलला जातो. ज्याने आवर्तन कधी मोजलं नाही त्याला वाट बघायलाच काही नाही, त्यामुळे त्याला तो नुसता जलद वाजवलेला तबला. गडकरी रंगायतनला मैफिलीत अर्धं सभागृह एकदम 'वाह' म्हणतं आणि शेजारचा पाहुणा इकडेतिकडे बघतो, ते यामुळे.

आणि हिट होण्याचं तर विचारूच नका. २००६ मध्ये साल्गानिक, डॉड्स आणि वॉट्स या संशोधकांनी १४ हजारांवर लोकांना अनोळखी बँड्सची ४८ गाणी दिली. काही जणांना फक्त गाणी दिसत, बाकीच्यांना आठ वेगवेगळ्या गटांत टाकलं आणि आपल्या गटात कुठलं गाणं किती वेळा डाउनलोड झालं ते दाखवलं. आठ गटांत हिट गाणी वेगवेगळी निघाली! फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा वर आलं नाही, मधल्यांचं काहीही झालं. देशांच्या याद्या वाचताना हे डोक्यात ठेवा.

म्हणून सगळं सारखंच, कुणी कसंही गावं, असं मी अजिबात म्हणत नाहीये. एका पद्धतीच्या आत दर्जा लख्ख कळतो, दोघांचा यमन शेजारी ठेवला तर कुणाचा निषाद लागला आणि कुणाचा नाही हे ऐकणाऱ्याला कळतं, आणि बालीतल्या माणसाला बालीतल्या दोन वादकांबद्दल तसंच कळत असणार. एका देशाच्या मापाने दुसऱ्याला मोजायला गेलात की फसता. माझं विचाराल तर मला रात्रीच्या वेळी संथ आलापीपुढे काहीच लागत नाही, आणि ती आवड मला माझ्या घराने दिली, माझ्या कानाची काही वेगळी थोरवी नाही.

मानसशास्त्रज्ञ झायन्स यांनी १९६८ मध्येच दाखवलं होतं की अनोळखी गोष्ट नुसती पुन्हापुन्हा समोर आली तरी ती आवडायला लागते. तर ग्रुपवरच्या सगळ्यांना माझी एक विनंती आहे, जावाचं गमेलान लावा, ट्रान्स हार्बरला ठाणे ते वाशी प्रवासात ऐका, एकदा नाही, आठवडाभर. सुरुवातीला वरच्या बारीक किणकिणीकडे लक्ष देऊ नका, त्यात हरवायला होतं. सगळ्यात मोठा, खोल गोंग शोधा. तो आपल्या समेसारखी आवर्तनाची हद्द दाखवतो, फक्त आपली सम पहिली मात्रा असते आणि त्यांचा गोंग शेवटच्या ठोक्यावर पडतो, त्यामुळे पहिले काही दिवस तुमची मोजणी एका मात्रेने पुढेमागे होत राहील.