भाडेउत्पन्नासाठी घरखरेदी (महाराष्ट्र)

स्वतः राहण्यासाठी नव्हे, तर भाड्याने देऊन नियमित उत्पन्न मिळवण्याच्या हेतूने सदनिका विकत घेणे, या गुंतवणुकीस भाडेउत्पन्नासाठी घरखरेदी म्हणतात. मुंबई, ठाणे, पुणे या शहरांतील नोकरदारांमध्ये ती रूढ असून बहुतेक खरेदी गृहकर्जातूनच होते.

रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार 30 लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या 90 टक्के, 30 ते 75 लाखांच्या कर्जात 80 टक्के आणि त्यापुढे 75 टक्के एवढीच रक्कम बँक देऊ शकते. उरलेला हिस्सा खरेदीदाराने घालावा लागतो. मुद्रांक शुल्क व नोंदणी फी सहसा किमतीत धरली जात नसल्याने तीही पदरचीच. पुण्यात 70 लाखांच्या सदनिकेसाठी 50 लाखांचे कर्ज घेतल्यास 20 लाख रुपये आणि सात टक्के दराने सुमारे 4 लाख 90 हजारांचे मुद्रांक शुल्क आधी उभे करावे लागते. नऊ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी हप्ता सुमारे 45 हजार रुपये येतो, तर वार्षिक भाडे किमतीच्या तीन टक्के धरले तर महिन्याला साडेसतरा हजारच हाती पडतात. भाड्यातून हप्ता फिटतो ही समजूत त्यामुळे या शहरांत क्वचितच खरी ठरते. गुंतवणूकदाराची खरी भिस्त किंमत वाढण्यावर असते, भाडे त्याला केवळ हातभार लावते. शिवाय मालमत्ता कर, देखभाल आणि घर रिकामे राहिलेले महिने त्यातूनच वजा होतात. सभासद स्वतः न राहता घर भाड्याने देतो म्हणून सहकारी गृहनिर्माण संस्था घेत असलेल्या बिनभोगवटा शुल्कावर मात्र सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा आहे.

आयकरात भाड्यातून महापालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचे व्याजही वजा होते. वरील उदाहरणात पहिल्याच वर्षी व्याज साधारण साडेचार लाख होते, त्यामुळे या उत्पन्नात तोटा दिसतो. परंतु जुन्या करप्रणालीत त्यापैकी दोन लाखच पगारासारख्या इतर उत्पन्नातून वजा करता येतात, आणि नव्या प्रणालीत तेवढेही नाहीत.

घर भाड्याने देण्यास मालक पूर्वी कचरत, याचे मूळ 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे. भाडी 1 सप्टेंबर 1940 च्या पातळीशी बांधली गेली आणि भाडेकरूला हलवणे अवघड झाले. पागडीची, म्हणजे घर देताना भाडेकरूकडून मोठी रक्कम एकदम घेण्याची, प्रथा त्यातूनच फोफावली. 1973 च्या दुरुस्तीने त्या वर्षी 1 फेब्रुवारीला ताब्यात असलेल्या परवानाधारकांनाही, म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता केवळ वापराच्या परवानगीवर ठेवलेल्यांनाही, भाडेकरूचे संरक्षण दिल्याने ही धास्ती वाढली. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 ने चित्र पालटले. त्याच्या कलम 24 नुसार राहण्यासाठी दिलेल्या घराच्या लिव्ह अँड लायसन्स (ठरावीक मुदतीच्या वापर परवान्याच्या) कराराची मुदत संपूनही परवानाधारकाने घर सोडले नाही, तर मालकाला या कायद्याखाली नेमलेल्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते आणि करारातील परवाना शुल्काच्या दुप्पट भरपाईही मिळू शकते. कलम 55 ने करार लेखी करणे व त्याची नोंदणी करणे सक्तीचे केले असून नोंदणीची जबाबदारी मालकावर टाकली आहे. एक वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी लागत नाही, या जुन्या सवलतीतून रूढ झालेली ‘अकरा महिन्यां’ची मुदत मात्र सवलतीचा उपयोग उरला नसतानाही करारनाम्यांत टिकून आहे.