कल (मतमोजणी)

मोजणी पुरी होण्याआधी, तोवर मोजलेल्या मतांवरून जाहीर होणारी आघाडी-पिछाडी म्हणजे कल. मते मतदानाच्या दिवशीच यंत्रात बंद झालेली असतात. मोजणीच्या दिवशी ती एकेक करून उघडली जातात, एवढेच. वाहिन्यांवर मात्र ‘मुसंडी’, ‘धक्का’, ‘बाजी पलटली’ अशी शर्यतीची भाषा चालते. यंत्रे उघडण्याचा क्रम मग घडामोडींचा क्रम वाटू लागतो.

सकाळी ८ वाजता टपाली मते मोजायला घेतात, अर्ध्या तासाने यंत्रे. विधानसभा मतदारसंघाला साधारण १४ टेबले असतात. त्यांवरची १४ कंट्रोल युनिटे (मतदान यंत्राचा मते साठवणारा भाग) मोजून झाली की एक फेरी. पहिल्या फेरीत मतदान केंद्र क्र. १ ते १४, दुसरीत १५ ते २८. केंद्रांचे क्रमांक बहुधा गावांना लागून पडलेले असल्याने पहिल्या तीन-चार फेऱ्यांत मतदारसंघाचा एखादाच कोपरा मोजला जातो. म्हणूनच उमेदवाराचा मुरलेला मतमोजणी प्रतिनिधी पिछाडीने हबकत नाही. ‘आपला पट्टा अजून उघडायचाय’ म्हणत केंद्रवार आकडे टिपत राहतो.

३५० केंद्रे असतील तर २५ फेऱ्या होतात. केंद्रामागे ६०० मते धरली, तर तीन फेऱ्यांनंतर २,००० ची आघाडी दिसत असताना सुमारे १,८४,८०० मते बाकी असतात. पडद्यावर फेरीचा आकडा नसेल तर त्या आघाडीवरून काहीच ठरवता येत नाही. राज्याच्या बेरजेत गफलत आणखी वाढते: ३० मतांची आघाडी आणि ३०,००० ची आघाडी, दोन्हींची एकेकच जागा धरली जाते.

वाहिन्यांचे आकडे मतमोजणीच्या जागेवरच्या वार्ताहराकडून येतात, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरचे फेरीचा तक्ता पक्का झाल्यावर. दोन्हींत अंतर पडले की संशय उठतो. ८ ऑक्टोबर २०२४ ला हरियाणात सकाळच्या कलांत काँग्रेस बहुमतापुढे होती. अखेर ९० पैकी भाजपला ४८ आणि काँग्रेसला ३७ जागा मिळाल्या. संकेतस्थळावर आकडे उशिरा येत असल्याची काँग्रेसची तक्रार आयोगाने फेटाळली. बिहारमध्ये २०१५ साली सुरुवातीच्या कलांत भाजपप्रणीत रालोआ पुढे होती, निकालात नितीश-लालूंच्या महाआघाडीला २४३ पैकी १७८ जागा.

शेवटाचेही असेच. निकाल न दाखवणारे कंट्रोल युनिट बाजूला ठेवले जाते आणि मताधिक्य त्यातल्या मतांपेक्षा कमी असेल तर त्याच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (मत देताना छापून पेटीत पडणाऱ्या) मोजाव्या लागतात. टपाली मतेही रेंगाळत. म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये आयोगाने ती संपल्याशिवाय यंत्रांची उपांत्य फेरी सुरू करायची नाही, असे ठरवले. वायव्य मुंबईत २०२४ च्या लोकसभेला यंत्रांतली मते अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४ अशी होती. टपाली मते १,५०१ आणि १,५५०. वायकर ४८ मतांनी निवडून आले.